बालगुन्हेगारीचा आकडा नेमके काय मोजतो?

१.
‘अल्पवयीनांच्या गुन्ह्यांत वाढ’ हा मथळा दरवर्षी एकदा तरी आपल्या वाचनात येतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा अहवाल प्रसिद्ध होतो, वृत्तवाहिन्यांवर चर्चा झडतात आणि ‘वय कमी करा, शिक्षा वाढवा’ अशी मागणी पुढे येते. आजचा धागा या आकड्याच्या इतिहासाविषयी आहे. मुलांचे गुन्हे मोजण्याचा खटाटोप गेली दोनशे वर्षे चालू आहे आणि त्यात झालेल्या चुका आजही उपयोगी पडण्याजोग्या आहेत.

२.
माझे मत आधीच सांगून टाकतो. बालगुन्हेगारीचा सरकारी आकडा जितका मुलांच्या वर्तनाचा, तितकाच प्रौढांच्या वर्तनाचा असतो. कायदा कोणाला बालक म्हणतो, पोलीस कोणत्या वस्तीत गस्त घालतात, फिर्याद कोण देतो आणि कोण प्रकरण घरातल्या घरात मिटवतो, हे सारे त्या एका संख्येत मिसळलेले असते. तेव्हा केवळ त्या संख्येच्या आधारे सोळा वर्षांच्या मुलाला प्रौढांच्या न्यायालयात उभे करणे मला अन्यायाचे वाटते. तसे का वाटते, ते पुढे.

३.
आरंभ लंडनपासून. १८१६ साली तेथील एका समितीने महानगरातील बालगुन्हेगारीच्या ‘चिंताजनक वाढी’ची कारणे शोधणारा अहवाल प्रसिद्ध केला. समितीच्या सदस्यांनी तुरुंगांत जाऊन मुलांना भेटून चौकशी केली. आईबापांचे दुर्लक्ष, शिक्षणाचा अभाव, कामधंद्याचा अभाव, रस्त्यावरचा जुगार अशी कारणे त्यांनी नोंदवली; कठोर फौजदारी कायदा आणि सदोष पोलीस व्यवस्था यांनाही दोष दिला. मात्र ‘वाढ’ सिद्ध करण्यासाठी आधीच्या वर्षांचे वयवार आकडे लागतात, आणि ते हाती नव्हते. वाढ झाली आहे हे शीर्षकातच गृहीत धरलेले होते.

४.
पुढच्या तीन दशकांत इंग्लंडमध्ये नोंदी खरोखरच वाढल्या. परंतु त्याच काळात काय घडत होते ते पाहा. १८२४ च्या कायद्याने रस्त्यावर भटकणाऱ्यांना पकडणे सोपे झाले. १८२९ साली लंडनला पगारी, गणवेशधारी पोलीस दल मिळाले. १८४७ च्या कायद्याने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांचे किरकोळ चोरीचे खटले दंडाधिकाऱ्यांसमोर झटपट चालवण्याची सोय झाली. ज्या पोराला पूर्वी दुकानदार कानाखाली वाजवून सोडून देई, त्याचे नाव आता न्यायालयाच्या वहीत चढू लागले. मुले किती बिघडली आणि वह्या किती भरल्या, हे दोन प्रश्न तेव्हापासून एकमेकांत गुंतले आहेत.

५.
गुन्ह्यांच्या आकड्यांकडे शास्त्रीय दृष्टीने पाहणारा पहिला मोठा माणूस म्हणजे बेल्जियमचा खगोलज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ अॅडॉल्फ केटले. फ्रान्सने १८२७ पासून फौजदारी न्यायाची वार्षिक आकडेवारी छापण्यास आरंभ केला होता. ती अभ्यासून केटलेने दाखवले की गुन्ह्यांची संख्या वर्षानुवर्षे विलक्षण स्थिर राहते आणि गुन्ह्याची प्रवृत्ती किशोरवयात वाढत जाऊन पंचविशीच्या सुमारास शिखर गाठते. वय आणि गुन्हा यांचा हा वक्राकार संबंध पुढे अनेक देशांत आढळला. वय सरते तसे बहुतेकांचे गुन्हेही सरतात, हे त्यातून निघणारे अनुमान ध्यानात ठेवावे.

६.
केटलेला एका अडचणीचीही जाणीव होती. उघडकीस आलेले गुन्हे आणि प्रत्यक्ष घडलेले गुन्हे यांत अंतर असते. उघड झालेल्यांचे एकूण गुन्ह्यांशी असलेले प्रमाण स्थिर आहे असे मानले, तरच नोंदींवरून काही निष्कर्ष काढता येईल, असे त्याने स्पष्टपणे मांडले. पुढे न नोंदलेल्या या गुन्ह्यांना ‘अंधारातला आकडा’ असे नाव पडले. शंभर चोऱ्यांपैकी दहा नोंदल्या जात असतील आणि पुढच्या वर्षी तितक्याच चोऱ्यांपैकी वीस नोंदल्या गेल्या, तर कागदावर चोऱ्या दुप्पट होतात. प्रत्यक्षात फक्त नोंदवही अधिक प्रामाणिक झालेली असते.

७.
आता विसाव्या शतकात आणि अमेरिकेत जाऊ. १८९९ साली शिकागोमध्ये तेथील पहिले बालन्यायालय स्थापन झाले आणि मुलांच्या प्रकरणांची वेगळी दप्तरे जमू लागली. क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके या दोन संशोधकांनी त्या दप्तरांतून मुलांचे पत्ते काढून शहराच्या नकाशावर एकेक ठिपका मांडला. नुसते ठिपके मोजून ते थांबले नाहीत. प्रत्येक भागात त्या वयाचे मुलगे किती राहतात, त्या संख्येने भागून त्यांनी दर काढला. दाट वस्तीत ठिपके अधिक दिसणारच. दर काढल्याशिवाय तुलना करता येत नाही.

८.
त्यांचा १९४२ सालचा ग्रंथ गाजला तो एका निष्कर्षामुळे. शहराच्या मध्याजवळच्या पडक्या, दाटीवाटीच्या वस्त्यांत दर सर्वाधिक होता आणि बाहेर जावे तसा तो उतरत होता. त्या वस्त्यांत आलटून पालटून वेगवेगळ्या देशांतून आलेली कुटुंबे राहून गेली, तरी तेथील दर चढाच राहिला. तीच कुटुंबे बाहेरच्या भागांत राहायला गेली की त्यांच्या मुलांचा दर खाली येई. ‘अमुक जमातीची पोरे जात्याच गुन्हेगार’ या समजुतीला आकड्यांनी दिलेले हे ठोस उत्तर होते. चांगली मोजणी किती उपकारक असते, त्याचे हे उदाहरण.

९.
तथापि नकाशावरचा ठिपका न्यायालयात पोहोचलेल्या मुलाचा होता. न्यायालयात न पोहोचलेल्यांचे काय? हा प्रश्न सोफिया रॉबिसन यांनी न्यूयॉर्कमध्ये उचलला. १९३६ सालच्या त्यांच्या पुस्तकाचे शीर्षकच ‘बालगुन्हेगारी मोजता येते का?’ अशा अर्थाचे होते. न्यायालयाखेरीज शाळा, धर्मादाय संस्था आणि समाजसेवी संघटना यांच्याकडेही अशीच मुले येत असल्याचे त्यांनी दाखवले. कोणते मूल कोठे पोहोचेल हे त्याच्या कृत्यावर जितके ठरे, तितकेच त्याच्या कुटुंबाच्या धर्मावर, वर्णावर आणि ऐपतीवर. ज्यांच्यासाठी दुसरे दार उघडे नव्हते, ती मुले न्यायालयाच्या दारात दिसत.

१०.
याच काळात मुंबई इलाख्यात काय चालले होते? १९२४ च्या मुंबई बालक कायद्याने गुन्हा करणारे मूल आणि निराधार, भीक मागणारे मूल या दोघांनाही एकाच कायद्याच्या छत्राखाली आणले. हेतू दयेचा होता. परंतु त्यामुळे ‘रिमांड होममधली मुले’ ही संख्या अपराध मोजते की दारिद्र्य, हे सांगणे अवघड झाले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९४७ साली या विषयावरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला, त्याच्या शीर्षकातही पुण्यातील बालगुन्हेगारी आणि निराधारपणा हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी आहेत. ‘रिमांड होमचा मुलगा’ म्हटले की आजही लोक गुन्हेगारच समजतात. त्याची मुळे या मिसळीत आहेत.

११.
अंधारातला आकडा उजेडात आणण्याचा एक सरळ मार्ग होता, तो म्हणजे मुलांनाच विचारणे. टेक्सासमधील ऑस्टिन पोर्टरफील्ड यांनी १९४० च्या दशकात न्यायालयात आणलेल्या मुलांवरचे आरोप गोळा केले आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना, ‘यांपैकी तुम्ही काय काय केले आहे?’ असे विचारले. जवळजवळ सर्वांनीच काही ना काही केल्याचे कबूल केले. त्यांच्यापैकी न्यायालयाची पायरी चढावी लागलेले मात्र अगदी थोडे होते. कृत्ये सारखी असूनही एकाचा गुन्हेगार झाला आणि दुसऱ्याचा पदवीधर.

१२.
१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात जेम्स शॉर्ट आणि इव्हान नाय यांनी या स्वयंकथन पद्धतीला प्रश्नावलीचे पद्धतशीर रूप दिले. नाव न लिहिता शाळकरी मुलांनी आपापली कृत्ये नोंदवायची. पोलीस नोंदींत गरीब आणि सुस्थित मुलांमध्ये जी मोठी दरी दिसे, ती येथे जवळजवळ दिसेनाशी झाली. समाजशास्त्रात खळबळ उडाली, हे सांगायला नकोच.

१३.
पण या पद्धतीलाही मर्यादा होत्या. प्रश्नावलीत शाळा बुडवणे, आईबापांची अवज्ञा अशा किरकोळ गोष्टींचा भरणा होता. सर्वांत अडचणीतली मुले शाळेतच नसत, मग वर्गातल्या प्रश्नावलीत ती येणार कोठून? शिवाय कोणी लपवते, कोणी फुशारकी मारते. म्हणून १९७० च्या दशकात अमेरिकेत सुमारे १,७०० मुलामुलींचा राष्ट्रीय नमुना निवडून, गंभीर कृत्यांचाही समावेश करून, त्याच मुलांना वर्षानुवर्षे विचारत राहणारे सर्वेक्षण सुरू झाले. वारंवार होणाऱ्या गंभीर कृत्यांच्या बाबतीत सामाजिक थरांतील फरक पुन्हा दिसू लागला. पद्धत सुधारली तसे उत्तरही बदलले.

१४.
आणखी एक प्रश्न उरत होता. सायकल चोरणे एक आणि सुरा भोसकणेही एकच, अशी बेरीज करायची का? थॉर्स्टन सेलिन आणि मार्व्हिन वुल्फगँग यांनी १९६४ साली न्यायाधीश, पोलीस आणि विद्यार्थी यांच्याकडून निरनिराळ्या कृत्यांचे गांभीर्य ठरवून घेऊन गुन्ह्यांना भार देण्याची रीत मांडली. सेलिन यांनी त्याआधीच एक नियम सांगून ठेवला होता: नोंद मूळ घटनेपासून जितकी दूर, तितकी ती मोजमापासाठी कमी विश्वासार्ह. फिर्यादीपेक्षा अटक दूर, अटकेपेक्षा निकाल दूर आणि निकालापेक्षा तुरुंग दूर.

१५.
आता या इतिहासातला सर्वांत गाजलेला आकडा. वुल्फगँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४५ साली जन्मलेले आणि दहा ते अठरा या वयात फिलाडेल्फिया शहरात राहिलेले ९,९४५ मुलगे निवडले व त्या सर्वांच्या पोलीस नोंदी तपासल्या. पुस्तक १९७२ साली आले. ३,४७५ मुलांची, म्हणजे सुमारे ३५ टक्क्यांची, पोलिसांकडे निदान एकदा नोंद झाली होती. एकूण नोंदी १०,२१४. आणि पाच किंवा अधिक नोंदी असलेल्या अवघ्या ६२७ मुलांच्या, म्हणजे सुमारे ६ टक्क्यांच्या, नावावर निम्म्याहून अधिक नोंदी होत्या.

१६.
‘सहा टक्के मुले, निम्मे गुन्हे.’ हे वाक्य इतके सुटसुटीत होते की ते ग्रंथातून निघून भाषणांत आणि अग्रलेखांत शिरले. मागे राहिलेल्या गोष्टी अशा: नोंद झालेल्यांपैकी १,६१३ मुले, म्हणजे जवळजवळ निम्मी, एकदाच पोलिसांच्या संपर्कात येऊन पुन्हा कधी दिसली नाहीत. नोंदींत किरकोळ स्वरूपाचे प्रकार मोठ्या संख्येने होते. गोऱ्या मुलांपैकी सुमारे २९ टक्क्यांची नोंद झाली होती, तर गौरेतरांपैकी सुमारे ५० टक्क्यांची. या फरकात मुलांचे वर्तन किती आणि पोलिसांची नजर किती, हे पोलिसांच्याच वहीवरून कसे ठरवणार?

१७.
याहून मोठी गोष्ट म्हणजे हे सहा टक्के मागे वळून पाहताना सापडले होते. पुढे पाहून ते ओळखता येतात का? एक काल्पनिक गणित करू. १०,००० मुलगे, त्यांत पुढे सराईत होणारे ६००. समजा आपल्याकडे ८० टक्के अचूक चाचणी आहे. ती ६०० पैकी ४८० बरोबर ओळखेल. पण उरलेल्या ९,४०० पैकी १,८८० निरपराधांवरही बोट ठेवेल. एकूण २,३६० मुलांवर शिक्का बसेल आणि त्यांतील दर पाचांपैकी चार जण चुकीचे असतील. ही चूक चाचणीच्या कर्त्याची नाही. दुर्मीळ गोष्ट शोधताना गणितच असे वागते.

१८.
१९९५ साली अमेरिकेत नेमका हाच विवेक सुटला. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून किशोरवयीनांकडून होणाऱ्या हत्या खरोखरच वाढल्या होत्या. भीती निराधार नव्हती. राज्यशास्त्राचे प्राध्यापक जॉन डिइलिओ यांनी ‘सुपरप्रेडेटर’ हा शब्द प्रचारात आणला: दयामाया नसलेल्या, हिंस्र किशोरांची एक नवी पिढी येत आहे, असा इशारा. २०१० पर्यंत असे २,७०,००० जण वाढतील, हा आकडाही दिला गेला.

१९.
हा आकडा आला कोठून? लोकसंख्येच्या अंदाजानुसार अठरा वर्षांखालील मुलगे सुमारे ४५ लाखांनी वाढणार होते, त्यांचे सहा टक्के. बस, एवढेच. कायद्याचे अभ्यासक फ्रँकलिन झिमरिंग यांनी दाखवून दिले की यात पाळण्यातली बाळेही मोजली गेली होती. फिलाडेल्फियातील ‘पाच नोंदी’ म्हणजे ‘हिंस्र’ नव्हे, हेही विसरले गेले. एका शहरातील, एका साली जन्मलेल्या मुलांचे प्रमाण अख्ख्या देशाच्या पुढच्या पिढीला लावले होते. गुणाकार बरोबर होता, पण ज्या दोन संख्यांचा तो केला, त्यांचा परस्परांशी संबंध नव्हता.

२०.
पुढे काय झाले? हिंसक गुन्ह्यांसाठी होणाऱ्या अल्पवयीनांच्या अटकेचा दर १९९४ मध्ये शिखरावर पोहोचून घसरू लागला. २००० सालापर्यंत हत्येसाठी होणाऱ्या अटका निम्म्याहून अधिक घटल्या. परंतु तोवर बहुतेक राज्यांनी मुलांना प्रौढ न्यायालयात पाठवणे सोपे करणारे कायदे करून टाकले होते. आकडा उतरला, कायदे राहिले. त्या कायद्यांखाली पकडली गेलेली मुले तुरुंगात प्रौढ झाली. २०१२ साली अल्पवयीनांना सक्तीने आजन्म, सुटकेची आशा नसलेली कैद देणे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले. त्या खटल्यात भाकीत चुकल्याचे निवेदन गुन्हेशास्त्रज्ञांच्या एका गटाने दिले. स्वाक्षरी करणाऱ्यांत डिइलिओही होते. चूक कबूल करण्यातला प्रामाणिकपणा मोलाचा आहे, पण मधली सतरा वर्षे परत मिळत नाहीत.

२१.
हे सारे परक्या देशाचे, आपल्याला काय त्याचे? तर आपल्याकडचे एक उदाहरण घ्या. १९८६ च्या बालन्याय कायद्यानुसार मुलगा सोळा वर्षांपर्यंत बालक होता. २००० च्या कायद्याने ही मर्यादा मुलींप्रमाणे अठरावर नेली आणि तो कायदा १ एप्रिल २००१ पासून लागू झाला. भारतीय दंडविधानाखालील एकूण गुन्ह्यांत अल्पवयीनांचा वाटा २००० साली सुमारे ०.५ टक्के होता. २००१ मध्ये तो सुमारे ०.९ टक्के झाला. एका वर्षात देशातली मुले बिघडली नव्हती. कालपर्यंत प्रौढांच्या रकान्यात लिहिलेले सोळा-सतरा वर्षांचे मुलगे आज दुसऱ्या रकान्यात आले होते. या दोन वर्षांना एकाच रेषेने जोडणारा आलेख सरळ सरळ दिशाभूल करतो.

२२.
दुसरे उदाहरण अधिक नाजूक आहे. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत घडलेल्या भीषण सामूहिक बलात्काराच्या आरोपींत एक अल्पवयीन होता. देश हादरला, आणि ते योग्यच होते. पण पुढच्या चर्चेत ‘अल्पवयीनांचे लैंगिक गुन्हे झपाट्याने वाढत आहेत’ म्हणून जे आकडे दाखवले गेले, त्या काळात कायदाही बदलला होता. नोव्हेंबर २०१२ पासून लागू झालेल्या पोक्सो कायद्याने आणि २०१३ च्या दुरुस्तीने संमतीचे वय सोळावरून अठरा झाले. बलात्काराची व्याख्या विस्तारली. अशी तक्रार नोंदवून न घेणारा पोलीस अधिकारीच शिक्षेस पात्र ठरू लागला.

२३.
हे बदल आवश्यक होते की नव्हते, हा वेगळा विषय आहे. त्यांतील अनेक मला स्वागतार्ह वाटतात. पण मोजणीच्या दृष्टीने परिणाम उघड आहे. ज्या तक्रारी पूर्वी ठाण्याच्या दारातून परत जात, त्या आता नोंदल्या जाणार. परस्परसंमतीने पळून गेलेली सतरा वर्षांची मुलगी आणि सतरा वर्षांचा मुलगा, आणि मुलीच्या वडिलांची फिर्याद: हेही प्रकरण त्याच रकान्यात जाणार. अशा वेळी आकडा वाढला नसता तरच नवल. तरीही २०१५ च्या कायद्याने सोळा ते अठरा वयाच्या मुलांवर, आरोप अतिगंभीर गुन्ह्याचा असल्यास, प्राथमिक मूल्यमापनानंतर प्रौढांप्रमाणे खटला चालवण्याची वाट उघडली.

२४.
कोणी म्हणेल, मग काय मोजूच नये? ज्याच्या घरातले माणूस गेले त्याला व्याख्येचा इतिहास सांगायचा का? हा आक्षेप मला हलका वाटत नाही. हत्येसारख्या गुन्ह्याची नोंद सहसा चुकत नाही आणि तेथे खरी वाढ दिसली तर ती नाकारणे हा बळी पडलेल्यांचा अपमान ठरेल. माझे म्हणणे मोजणी वाढवा असे आहे. पोलीस नोंदी हव्यातच. त्यांच्या जोडीला मुलांना विचारणारी सर्वेक्षणे हवीत, बळी पडलेल्यांना विचारणारी सर्वेक्षणे हवीत, आणि एकाच पिढीचा वर्षानुवर्षे मागोवा घेणारे अभ्यास हवेत. तिन्ही साधने एकाच दिशेला बोट दाखवू लागली, तर त्या दिशेला खरोखर काहीतरी आहे असे मानता येईल.

२५.
तोपर्यंत वाचक म्हणून आपल्या हाती चार प्रश्न आहेत. एक: यात घटना मोजल्या आहेत की मुले? चार पोरांनी मिळून एक मोबाईल हिसकावला तर चोरी एक होते, पण ताब्यात घेतलेली मुले चार. आणि किशोरवयीन मुले बहुधा टोळक्यानेच चुका करतात. दोन: कशाने भागले आहे? त्या वयाच्या मुलांची संख्या वाढली असेल तर नुसती बेरीज काही सांगत नाही. तीन: दरम्यान कायदा, व्याख्या किंवा पोलीस यंत्रणा बदलली का? चार: किती गंभीर? टक्केवारीच्या वाढीमागे चोऱ्या आहेत की खून?

२६.
शॉ आणि मॅके यांच्या नकाशावरचा प्रत्येक ठिपका म्हणजे एका मुलाच्या घराचा पत्ता होता. केटलेच्या वक्राने सांगितले होते की वय सरते तसे बहुतेकांचे गुन्हे सरतात. फिलाडेल्फियाच्या त्या १,६१३ मुलांनी पुन्हा पोलिसांची पायरी चढली नाही. पहिल्याच नोंदीच्या वेळी त्यांच्यावर कायमचा शिक्का बसला असता, तर हे कोणाला कधी कळलेही नसते. आपल्याकडे कायद्यात पुन्हा बदल करण्याची मागणी येईल, तशी ती येतच असते. तेव्हा सोबत आलेला आकडा या चार प्रश्नांतून काढून मगच हात वर करावा, एवढीच विनंती.

धागा येथे संपवतो. आपले मत, विशेषतः बालन्याय मंडळात, बालगृहात किंवा पोलीस ठाण्यात प्रत्यक्ष काम केलेल्यांचा अनुभव, खाली अवश्य लिहावा.